पळस्प्यापर्यंत

धर्मराज मिस्त्रीने कुणाला चांगलं म्हटल्याचं पनवेलात कुणालाही आठवत नाही. बैलगाडीची चाकं करणारी पंचवीस घरं तेव्हा गावात होती, आणि उरलेल्या चोवीस घरांनी पोळपाट करावेत, फार तर पाळणे करावेत, चाकाला हात लावू नये, असं त्याचं स्पष्ट मत होतं. आगगाडीला रूळ लागतात, म्हणून ती पांगळी. मोटारीच्या चाकात हवा भरावी लागते, म्हणून ते चाकच नव्हे. चाक म्हणजे त्याने स्वतः केलेलं, मधोमध बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले खैराचे आरे आणि वर तापवून चढवलेली लोखंडी धाव. बाकी सगळा पोरखेळ.

हे बोलायचा हक्क आपल्याला आहे असं तो समजे, त्याला कारण होतं. नवी चाकं घातलेली गाडी बाहेर निघाली की धर्मराज स्वतः तिच्यावर चढून बसे आणि पळस्प्याच्या फाट्यापर्यंत जाई. तिथे उतरून, गाडीवाल्याच्या पैशाने चहा पिऊन, चालत घरी येई. गाडी पुढे खोपोलीवरून घाटात जाई.

"ज्यानं चाक केलं त्यानं आधी वर बसायचं," तो म्हणे. "कोण बसतो सांगा? मी एकटा बसतो."

त्याचा मुलगा महादेव एकावन्न साली सांताक्रूझला एका विमान कंपनीत लागला, तोही नेमका विमानाच्या चाकांच्या कामावर. दुसऱ्या बापाने पेढे वाटले असते. धर्मराजने दिवाळीत, आळीतली चार माणसं ओटीवर बसलेली असताना, पोराला धारेवर धरलं.

"उडालं की चाकं पोटात घेतं म्हणं तुझं इमान? लाज वाटते काय त्याला चाकांची?"

"हवा अडवतात, बाबा. तेलाच्या दाबावर वर जातात, उतरताना खाली येतात."

"नि तू काय करतो?"

"तपासतो. सही करतो."

"नि वर बसतो कोण?"

"पाशिंजर."

धर्मराज अंगणात पचकन थुंकला. "आपण सही करायची नि लोकांची पोरं वर बसवायची! सुताराचा नाय तू. कारकून हायस."

माणसं हसली. महादेवने पुढ्यातली करंजी तशीच ठेवली आणि दुपारच्या मोटारीने निघून गेला.

महिन्याभराने त्याचं कार्ड आलं. 'गुरुवारी सकाळी पुण्याच्या विमानात मी बसणार आहे. चाकांचं काम माझ्या हातचं आहे. साहेबांनी परवानगी दिली. दहाच्या सुमारास आपल्या घरावरून जाईन.' धर्मराजने नाक उडवलं, "बसतोय एकदाचा," म्हणाला. पण ते कार्ड खिशात घालून तीन दिवस आळीभर दाखवत फिरला.

गुरुवारी सगळी आळी अंगणात जमली. विमान खाडीकडून आलं खरं, पण घाटाकडे न जाता गावावर वळलं. एक फेरी झाली, दुसरी झाली.

"आईबापाला परदक्षिणा घालतोय पोर!" शेजारची रंभा ओरडली. बायकांनी पदर हलवले. कुणी गूळ आणला.

धर्मराजने डोळ्यांवर हात धरला. विमानाच्या एका अंगाला चाक लोंबत होतं. दुसऱ्या अंगाला काहीच नव्हतं. जन्मभर चाकंच पाहिलेल्या माणसाला आणखी सांगावं लागत नाही.

"गप ऱ्हा, येड्यांनो," तो म्हणाला. "एक चाक आत अडकलंय."

गूळ वाटणारा हात थांबला. विमान दीड तास घिरट्या घालत होतं, आणि धर्मराज कंपनीला, साहेबाला, तेलाला, लोखंडाला शिव्या घालत होता. त्याला भीती वाटत होती. कारकून म्हणून हिणवून आपणच पोराला वर चढवलं, हे त्याला त्या अंगणात पक्कं कळलं होतं, आणि म्हणूनच त्याचं तोंड बंद होत नव्हतं. भीमाबाई, त्याची बायको, तुळशीपाशी उभी होती. शेवटी विमान मुंबईकडे परतलं. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

शुक्रवारी दुपारी महादेव मोटारीतून उतरला. हात गळ्यात बांधलेला, कपाळावर टाके. विमान पोटावर उतरवलं होतं. टेकताच लोंबतं चाकही मुडपलं, पण माणसं सगळी वाचली. चाक खाली यावं म्हणून महादेव दीड तास तेलाला दाब देणारा हातपंप मारत होता.

"चाकात खोट नव्हती, बाबा," तो म्हणाला. "चाकं वर घेताना तेलाची नळी फुटली. ती तपासून सही केली दुसऱ्याने. तो खालीच होता."

एवढं ऐकायचा अवकाश, धर्मराजला कंठ फुटला. आळी जमली होतीच.

"मी काय सांगत व्हतो? सही करणारा भेकड खाली ऱ्हातो! माझा पोर बसला, कारन माझा नेम हाय तो! तीस वरसं मी..."

"तुमी पळस्प्याला उतरता," भीमाबाई म्हणाली.

ती पोराच्या अंगावरची चादर नीट करत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"तिथवर रस्ता सपाट हाय. तीस वरसं बगते मी. घाटात कदी बसलात? एकदा तरी? माझा पोर बसला."

कुणी हसलं नाही. हसले असते तर धर्मराजला बरं पडलं असतं.

पुढच्या आठवड्यात बुधाजी आगऱ्याची गाडी नवी चाकं घालून निघाली. धर्मराज सवयीने वर चढला. पळस्प्याला बुधाजीने कासरा ओढला.

"उतरा मिस्त्री. फाटा आला."

धर्मराज बसून राहिला. समोर घाटाचे डोंगर दिसत होते. 'चल पुढं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते, आणि ज्या जिभेने अख्ख्या पनवेलची चाकं मोडीत काढली तिला ते जमेनात. बुधाजी वाट पाहत होता. त्याला गोष्ट ठाऊक होती, सगळ्या गावाला ठाऊक होती.

धर्मराज उतरला. चहा न घेता चालत घरी आला.

पुढे वीस वर्षं तो जगला, चाकंही उत्तम करत राहिला. पण गाडीवर चढून बसायचं त्याने सोडलं, आणि कुणी दुसऱ्याचं चाक दाखवून मत विचारलं की म्हणे, "बरं हाय."