मान उचला, बाई

आमच्या चामोर्शीच्या डॉक्टरांच्या उजव्या तर्जनीला लोक जितके घाबरत, तितके वाघालाही घाबरत नसत. वाघ निदान पोटात शिरत नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी तिथून पेपरला बातम्या पाठवत असे. डॉक्टरांच्या बोटात कुणीतरी बसलेलं आहे, असं गाव म्हणे. डॉक्टर ते नाकारत नसत. रोगी आला की खिडक्या लावायच्या, डोळे मिटायचे आणि पोटावरून बोट फिरवायचं, हा त्यांचा शिरस्ता. दुखरी जागा रोग्यानं सांगायची नाही. ‘तोंड मध्ये आलं की पोट खोटं बोलतं,’ असं त्यांचं मत. एका लग्नात शेजारचा व्याही नुसता कण्हला, तर त्याला पानावरून उठवून त्यांनी मांडवातच आडवं केलं होतं. मला ते म्हणत, ‘बातमीदार आहात, साक्षीला बसा.’

एका बाजाराच्या दिवशी जानबा नावाचा शेतकरी बायकोला बैलबंडीतून घेऊन आला. आठ वर्षांचं पोटदुखणं. पोटावर तापल्या विळ्याचे तीन डाग. चौथा डाग घ्यायला दोघं भगताकडे निघाले होते, वाटेत दवाखाना लागला.

‘तिन्ही डाग जागा चुकले,’ जानबा म्हणाला. ‘या खेपेले बरोबर देतो म्हनते भगत.’

डॉक्टरांचं बोट फिरत फिरत बेंबीच्या उजवीकडे थांबलं. बाहेर बाजाराचा गलका होता; आत बाईचा श्वासही ऐकू येईना.

‘मान उचला, बाई.’

तिनं मान उचलली आणि ती किंचाळली. डॉक्टर खुशीत हसले.

‘हासून काऊन राह्यले भाऊ? मरून राह्यली ना ते!’

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं : मान उचलली की पोटाची भिंत ताठ होते. दुखणं खोल आत असेल तर भिंतीआड लपतं, बोटाखाली कमी होतं. वाढलं, तर ते भिंतीतच आहे, चिमटलेल्या नसेत; त्यानं कुणी मरत नाही. मग त्यांनी नेमक्या त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं.

थोड्या वेळानं बाई उठून बसली आणि खोलीचे कोपरे न्याहाळू लागली.

‘गेलं कुठी?’ तिनं हळूच विचारलं.

आम्ही तिघांनीही मागं वळून पाहिलं.

आणखी दोन इंजेक्शनं लागली. चौथा डाग लागला नाही. पुढं जानबा कोंबडा घेऊन आला. ‘हे तुमच्या बोटाचं हाय,’ त्यानं बजावलं, ‘तुमचं नाई.’

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी डॉक्टरांनी मला साक्षीला बोलावलं. रोगी कुणीच नव्हता. त्यांनी खिडक्या लावल्या, स्वतः टेबलावर आडवे झाले आणि माझं बोट धरून आपल्या पोटावर ठेवलं. मी दाबलं, त्यांचा चेहरा पिळवटला. मग त्यांनी मान उचलली. चेहरा हळूहळू मोकळा झाला.

‘आता?’ मी विचारलं.

‘आता कमी आहे,’ ते म्हणाले.

बराच वेळ त्यांनी मान खाली टेकवली नाही. मीही बोट काढलं नाही.