बाबांनी कोरलेला दरवाजा

मंडळी, आज सकाळी पवनीला देवदर्शन झालं आणि घरी परतण्याऐवजी मी बाबांना, बायकोला आणि मुलीला घेऊन मालगुजार जमीनदारांच्या मोठमोठ्या घरांच्या जुन्या आळीत पायी फिरायला गेलो.

बाबा सुतार. आता ऐंशीचे, नजर अधू. इथल्या एका घराचा सागवानी दरवाजा त्यांनी तरुणपणी कोरला. "एकदा पाहून येऊ," असं ते दरवर्षी म्हणायचे आणि मी टाळायचो.

दरवाजा अजून भक्कम आहे. बाबांनी नक्षीवरून बोटं फिरवली आणि ते हसले. "हा डावा पोपट बारका होऊन गेला. कोरता कोरता मालकीणबाईनं चहाले बोलावलं होतं."

मुलगी म्हणाली, "म्हणजे आबाजी, चहासाठी तुम्ही पोपटाले उपाशी ठेवलं!"

मी म्हटलं, "बाबा, आत जाऊन सांगू."

त्यांनी माझा हात धरला. "राहू दे ना बापू. मोठ्याच्या घरी कायले सांगाचं? कोणाले माहीत आहे आता?"

कोणालाच माहीत नाही, हेच मला बोचलं. आपल्या म्हाताऱ्यांच्या हातची अशी किती कामं गावोगावी बिननावाची उभी असतील?

मी कडी वाजवली. घरमालक बाहेर आले. बाबांना पुढे करून मी म्हणालो, "नमस्कार. हा दरवाजा यांनी घडवला आहे."