जॉनच्या वाट्याचे आवर्तन

साथीच्या गिटारींची लय चालू असताना मास्तर स्वतःची गिटार मांडीवर आडवी ठेवत, मान डावीकडे कलती करत आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून येणारे व्हायोलिन ऐकू लागत. मधूनच हसत. एखाद्या जागेला दाद देत, "वा, जॉन!" जॉन हा त्यांचा धाकटा भाऊ. तो जाऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.

मास्तर मूळचे गोव्याचे, नोकरी भुसावळच्या रेल्वेत. तरुणपणी दोघा भावांनी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधल्या नाचांना वाजवता वाजवता जुन्या तबकड्यांवरून जिप्सी जॅझ, म्हणजे युरोपातल्या जिप्सींचे गिटार-व्हायोलिनचे संगीत, उचलले होते. निवृत्तीनंतर, ऐंशीच्या दशकात, मास्तर दर हिवाळ्यात जळगावच्या एका शाळेच्या सभागृहात या संगीताचा महोत्सव भरवत. सकाळी शिकवणी, संध्याकाळी मैफल. शिकायला लग्नाच्या बँडमधले बेंजोवाले येत, धुळ्याचे काही हौशी तरुण येत, आणि बँकेतून रजा काढून मी.

या संगीतात ढोल नाही, तबला नाही. गिटारीवरचा कोरडा, तुटक ठोकाच सगळ्यांना उचलून धरतो. मास्तर आम्हांला तेवढेच शिकवत. "तुम्ही जमीन सारवून ठेवा," ते म्हणत, "तिच्यावर कोण नाचतं ते बघू नका." प्रत्येक चालीत एक आवर्तन जॉनसाठी राखलेले असे. तेवढा वेळ फक्त आमचा ठोका चालायचा.

दोंडाईच्याचे दगाभाऊ बेंजो वाजवत आणि कोणाचीही भीड ठेवत नसत. एकदा सकाळच्या वर्गात त्यांनी विचारले, "मास्तर, खुर्ची त रिकामी शे. चहा कितला सांगू?"

"त्याचाही सांगा. साखर कमी."

सगळे हसले. चहा आला, खुर्चीपुढे ठेवला गेला. वर्ग संपल्यावर मात्र तो कप उचलायला दगाभाऊ गेले नाहीत. मीही गेलो नाही.

शेवटच्या वर्षी सरावातच मास्तरांची मान कलेनाशी झाली. "यंदा तो येत नाहीये," ते मला हळूच म्हणाले. "आज मैफलीतही नाही आला, तर पुढच्या वर्षी हे सगळं कशाला मांडायचं?"

संध्याकाळी जॉनचे आवर्तन आले. मास्तर खुर्चीकडे पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून अगदी काकुळतीने म्हणाले, "वाजवा रे. कोणीतरी वाजवा."

कोणालाच ते येत नव्हते. इतकी वर्षे आम्ही न दिसणाऱ्या माणसाची साथ शिकलो होतो. स्वतःचा सूर काढायला कोणी शिकलेच नव्हते. दगाभाऊंनी मान खाली घातली. ठोका देणारे आमचे हात तेवढे थांबेनात. मास्तर उठले आणि पडद्यामागून निघून गेले.

त्यानंतर पुढच्या रांगेतल्या श्रोत्यांच्या माना एकेक करून डावीकडे कलल्या. एक वृद्ध बाई हसल्या आणि पुटपुटल्या, "वा!"

दुसऱ्या दिवशी मास्तरांना भुसावळच्या गाडीत बसवून देताना मी त्यांना हे सांगितले. "तुम्ही उठून गेलात, आणि जॉनभाऊ आले. लोकांनी ऐकलं, मास्तर."

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. त्यांनी खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. "काय वाजवलं त्यानं?"

पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. त्या दिवशी काहीतरी गुणगुणून दाखवता आले असते; पण मी माझ्या हाताच्या ठोक्याखेरीज काहीही ऐकले नव्हते. गाडी हलली, तरी ते माझ्या ओठांकडे पाहत होते.