महिनाभर जड उचलायचं नाही

ऐंशीच्या दशकात मी ओहायोत डोळ्यांची डॉक्टर होते. दर गुरुवारी ओहायोतल्याच डब्लिनहून दीड तास ड्राइव्ह करून मक्याच्या शेतांमधल्या एका खेड्यात जायचे. तिथल्या चर्चच्या तळघरात माझा दवाखाना भरे. लोक डोळे तपासून घ्यायचे, कुणी घरचे टोमॅटोही आणायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र पसार.

त्यांत एक म्हातारा शेतकरी होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला, की समोरच्या माणसाचा चेहराही दिसत नसे. तीनदा तारीख दिली, तिन्ही वेळा त्याने कॅन्सल केली. माझं डोकं सणकलं. एक तर बाई, त्यात परदेशी आणि सावळी. हिच्या हातात डोळा कोण देणार, हेच कारण, असं मी ठरवूनच टाकलं. आम्हा भारतीय मंडळींना तिथे हा संशय यायला वेळ लागत नसे.

चांगलं खडसवावं म्हणून मी थेट त्याच्या घरी धडकले. माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. घरी कंटाळायची, म्हणून तीही बरोबर होती.

म्हाताऱ्याने आम्हाला बसवलं, जरा थांबा म्हणाला आणि आत गेला. दार उघडंच होतं. पलंगावर त्याची बायको होती, अर्धांगवायूने चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. चाचपडत त्याने तिला दोन्ही हातांवर अलगद उचललं आणि खुर्चीत बसवलं.

"ऑपरेशननंतर महिनाभर जड उचलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत," तो बाहेर येऊन म्हणाला. "मग हिला कोण उचलेल?"

शेजारणी मदतीला तयार होत्या. पण ओळखीच्या बायकांनी आपलं अंग पुसावं, हे तिला नको होतं. मी तीनदा त्याला पथ्य बजावलं होतं, घरी कोण असतं हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात काय, मी राहते." माझ्या आजीला तिने सात वर्षं असंच उठवलं-बसवलं होतं. अगं, तुला इंग्रजीचा गंध नाही, म्हणून मी वाद घातला, पण ती ऐकेल तर शपथ. आणि म्हातारी चक्क हो म्हणाली. जी गावात कुणाला काही सांगूच शकत नाही, तिच्यापुढे कसली लाज!

एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून मीच त्याला घरी घेऊन गेले. आई दारातच कुजबुजली, "सकाळपासून चारदा खुणेने आरसा मागितला बिचारीने."

त्याची पावलं वाजली तशी म्हातारीने चालत्या हाताने तोंड झाकून घेतलं. सवयीने तो उचलायलाच वाकला. मी ओरडले, तेव्हा गुपचूप पलंगाच्या कडेला बसला आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"चार वर्षं नुसतं उचलतोय तुला," तो म्हणाला. "आज बघू दे."

तिने हळूच हात खाली घेतला.