आत्याच्या विहिरीचं गोडं पाणी

काशीआत्या गेल्याची बातमी घेऊन सदूकाका, म्हणजे तिचे धाकटे दीर, गिरगावात आमच्या खोलीवर आले. आईने पदर डोळ्यांना लावला, आणि हे गृहस्थ चहात पाव बुडवत म्हणाले, "वाडी आता रिकामीच पडणार की..." मला त्यांची शिसारी आली. चार महिने उलटले, ती शिसारी अजून गेलेली नाही.

परळला गिरण्यांच्या मागे आत्याची भाजीची वाडी होती. नवऱ्यामागे तिने ती एकटीने राखली. सगळी भिस्त एका विहिरीवर. बैल रहाट ओढायचा आणि गोडं पाणी पाटातून मेथी-कोथिंबिरीला जायचं. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत तेव्हा घसे सुकलेले लोक तिथेच पाणी प्यायला थांबत. सदूकाका त्यांच्यापुढे उभे राहून "मुंबई आमची!" म्हणून ओरडत. त्याच दिवसांत त्यांनी कुंपणापलीकडच्या आपल्या हिश्श्यात बोअरिंग मारलं आणि पाणी एका रंगाच्या कारखान्याला विकायला लागले. पंप दिवसरात्र धडधडायचा...

विहीर खाली गेली. आत्याने रहाटाची गाडग्यांची माळ लांबवली, गाळ उपसून घेतला. मग पाणी मचूळ लागू लागलं, पुढे चक्क खारं. कोथिंबीर करपली. तेव्हा ती सदूकाकांकडे गेली, मी बरोबर होतो.

"भावजी, निदान दिवसाआड तरी पंप बंद ठेवा. समुद्र आत येतोय."

"वहिनी, पाणी माझ्या जमिनीतलं आहे. तुमची विहीर तुम्ही बघा."

"मुंबई सगळ्यांची, आणि तिच्या पोटातलं पाणी तेवढं तुमचं?"

ते हसले. नुसते हसले!

आत्या रडत बसली नाही. मेथी सोडून तिने खाऱ्यात तगणारा पालक आणि बीट लावलं. पन्हाळीचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून कोवळ्या रोपांपुरतं वापरलं. उन्हं कलल्याशिवाय शिंपण करायची नाही. वाफे निम्मे झाले. आजूबाजूच्यांनी वाफ्यांत गटाराचं पाणी सोडून त्यावर अळू पोसलं, तेही भरभरून. तिलाही कुणी तसं सुचवलं, तर म्हणाली, "जे मी माझ्या ताटात घेणार नाही, ते दुसऱ्याच्या पिशवीत कसं घालू?" शेवटपर्यंत तिने अर्धीच वाडी पिकवली.

परवा दादरच्या बाजारात गेलो होतो. एका टोपलीत अळूची रुंद, काळपट हिरवी पानं दिसली. जुडी उचलून नाकाशी नेली, तर गटाराचा वास.

"घ्या दादा," भाजीवाली म्हणाली, "काशीबाईंच्या वाडीतलं आहे. सदूशेठनी तिथं आता नवीन पाणी सोडलंय."

जुडी तिथेच टाकली. घरी येऊन राखेने हात घासले.