दामाची सूज

दारात आलेली घोडी फळवल्याशिवाय परत पाठवायची नाही, ही बधासोच्या घरची बापजाद्यांपासूनची रीत. दामा हे त्याचं तांबूस वळू गाढव. आर्सीच्या पठारावर चार गावांची खेचरं दामाचीच. तीस वर्षांत बधासोनं असे तीन वळू सांभाळले, माजावरच्या घोड्यांच्या लाथा खाऊन डावा गुडघा अधू करून घेतला आणि 'खेचरांचा बाप' हे नाव कमावलं. हल्ली त्या नावाचाही त्याला शीण यायचा.

दोन वर्षांपूर्वी दामाच्या पोटाखाली सूज आली. "मस्ती चढलीय!" म्हणून लोक हसले. बधासोही हसला. सुजलेला वळू जोरकस, असं सगळेच मानत. घोड्या उलट जास्तच आल्या. मग त्या गाभडू लागल्या. अंगावर गोल चट्टे उठले, मागचे पाय लुळे पडले. नजर लागली, असं ठरलं.

बुधवारी जनावरांची डॉक्टर मेमुना दामाच्या रक्ताचा निकाल घेऊन आली, तेव्हा बधासोचा साडू गोबेना दिवसभर चालून आपली घोडी घेऊन दारात उभा होता.

"काका, रोग दामात आहे. घोडीला लावला की तिला जातो. औषध इथं मिळत नाही. खच्ची करा, म्हणजे निदान पसरायचा थांबेल."

"पोरी, गाढवाचं लग्न मोडायला आलीस होय?" गोबेना म्हणाला. "बधासो, माझी घोडी रिकामी पाठवलीस तर तुझ्या घरची कॉफी मला हराम!"

"मग नका पिऊ," चुलीपासून बधासोची बायको शुरुबे म्हणाली. "आमच्या दोन्ही घोड्या याच रोगानं मेल्या, मातीत पुरल्या, तेव्हा आला होतात?"

बधासो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्यानं स्वतःच दामाचे पाय बांधले.

"डोकं धर," तो गोबेनाला म्हणाला.

गोबेनानं शिवी हासडली, पण धरलं. मेमुनानं चिमटा आवळला. दामा एकदाच ओरडला.

हात धुऊन मेमुनानं वही काढली. "दोन वर्षांत कुणाकुणाच्या घोड्या आल्या, सांगा. त्या आता कुठल्याच वळूकडे जाता कामा नयेत. मी घरोघर जाऊन सांगते."

"वही ठेव. मला सगळ्या पाठ आहेत. आणि सांगणार मी. हसलो मी होतो."

त्यानं काठी घेतली. पहिलं घर थोरल्या बहिणीचं, चढावरचं. आपली घोडी गाभडल्यावरही त्याच्या शब्दाखातर ती तिला पुन्हा दामाकडे घेऊन आली होती.