आईच्या सांडगी मिरच्या

आज पुंगोलच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालताना एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा हाताला लागली आणि आईच आठवली.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. तेव्हा आम्ही परदेशातल्या याच शहरात, पासिर रिस भागात राहायचो. पुण्याहून आलेल्या आईने माझ्यासाठी सांडगी मिरच्या भरल्या होत्या, पण इथल्या दमट हवेत त्या काही केल्या वाळेनात. माझा नवरा तिला सहज म्हणाला, "आई, एसी गारवा तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर मिरच्यांचं ताट बाहेरच्या युनिटसमोर, आणि एसी अजिबात न सोसणारी आई बंद खोलीत शाल गुंडाळून बसलेली.

"अगं, तू तरी बाहेर बस!"

"रिकाम्या खोलीत चालू ठेवला तर वाया नाही का जाणार?"

आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुण्याला परतली आणि वर्षाच्या आत गेली.

खोलीतली उष्णता म्हणजे तिच्या अंगातलीसुद्धा, हे आज त्या हवेत हात धरून उभी असताना उमगलं. तिच्या उबेवर वाळलेल्या त्या मिरच्या मी दहीभाताबरोबर केव्हाच खाऊन संपवल्या.